सीएनजी पिकअपची मिसिंग: कॉइल बदलूनही परत का येते आणि मूळ कसं शोधायचं

मिसिंग म्हणजे इंजिनच्या एखाद्या सिलिंडरमध्ये अधूनमधून इंधन न पेटणं. लक्षण ओळखीचं असतं. पुण्याच्या मार्केट यार्डातून भरून निघालेली गाडी कात्रजच्या चढाला लागते, तिसऱ्या गियरमध्ये पाय दाबला की दोन-तीन झटके बसतात, इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकतो आणि सायलेन्सरमधून तुटक फट्-फट् ऐकू येतं. चढ संपला की गाडी पुन्हा सरळ. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की कोड येतो पी०३०३. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) बदलली जाते, दोन-तीन महिने बरे जातात, आणि पहिला जोरदार पाऊस झाला किंवा खंबाटकी घाटात एक खेप झाली की तोच कोड परत हजर. मग दुसरी कॉइल, मग चारही प्लग, मग इंजेक्टर. पैसे जातात आणि मिसिंग राहते.

इथे जे दिलं आहे ते चार सिलिंडरच्या, पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर चालणाऱ्या आणि प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या छोट्या पिकअपला धरून आहे. दोन किंवा तीन सिलिंडरच्या गाडीलाही तर्क तोच लागतो. डिझेल पिकअपचं गणित वेगळं आहे, त्याबद्दल पुढे थोडक्यात येईल. गोंधळ नको म्हणून 'सिलिंडर' म्हणजे इंजिनचा सिलिंडर आणि गॅसच्या बाटल्याला 'टाकी' असं धरा.

दिवा लुकलुकत असेल तर आधी पाय काढा

इंजिनचा दिवा स्थिर पेटलेला असेल तर गाडी हळू चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. दिवा लुकलुकत असेल तर त्याचा अर्थ वेगळा आहे: न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर शुद्ध करणारा डबा) जाऊन तिथे जळतं आहे. आतली जाळीदार सिरॅमिक वीट अशा उष्णतेने वितळते. वितळलेली वीट सायलेन्सरची वाट अडवते, आणि मग मिसिंग दुरुस्त झाली तरी गाडी उचलत नाही. बीएस-६ गाडीचा कन्व्हर्टर ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महाग वस्तू आहे. कॉइल त्याच्यापुढे काहीच नाही. म्हणून घाटात दिवा लुकलुकला की ॲक्सिलरेटर सोडा, गियर खाली घ्या, दुसऱ्या इंधनावर टाकून बघा, आणि तरीही थांबत नसेल तर गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या. "वर पोहोचून बघू" हा निर्णय महागात पडतो.

कोड नेमकं काय सांगतो

ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, ठिणगी दिसत नाही की इंधन दिसत नाही. त्याला फक्त क्रँकचा वेग दिसतो. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर १८० अंशांना एक धक्का बसायला हवा. क्रमाने १-३-४-२. एखादा धक्का आला नाही की तेवढ्या तुकड्यात क्रँक किंचित रेंगाळतो, क्रँक सेन्सर ते पकडतो आणि त्या सिलिंडरच्या नावाने नोंद होते. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे पहिला ते चौथा सिलिंडर. पी०३०० म्हणजे एकावर बोट ठेवता येत नाही, सगळीकडे थोडं थोडं आहे. पहिला सिलिंडर सहसा बेल्ट-पुलीच्या बाजूचा असतो.

म्हणजे पी०३०३ हा तिसऱ्या सिलिंडरचा पत्ता आहे. कॉइल खराब आहे असं तो म्हणत नाही. ठिणगी, इंधन, हवा किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) यातलं काहीही कमी पडलं तरी कोड हाच येतो. कॉइलच्या सर्किटमधली तार तुटली असेल तर पी०३५१ ते पी०३५४ आणि इंजेक्टरच्या सर्किटसाठी पी०२०१ ते पी०२०४ असे वेगळे कोड आहेत. ते सोबत दिसले तर काम सोपं होतं.

कोड पुसण्याआधी स्कॅनरवरच्या फ्रीझ फ्रेमचा (कोड आला त्या क्षणाची नोंद) फोटो काढून ठेवा. मिसिंग झाली त्या क्षणी आरपीएम किती होते, लोड किती होता, पाणी किती गरम होतं आणि गाडी कोणत्या वेगात होती, हे तिथे लिहिलेलं असतं. घाईत कोड पुसला की हा सगळा पुरावा जातो. पुष्कळ ठिकाणी नेमकं हेच होतं.

पहिली चाचणी फुकट आहे: इंधन बदलून बघा

दोन इंधनांची गाडी असण्याचा मोठा फायदा तपासणीत आहे. मिसिंग चालू असताना, किंवा तीच परिस्थिती तयार करून, एकदा सीएनजीवर आणि एकदा पेट्रोलवर चालवा.

दोन्हींवर तोच सिलिंडर मिस करत असेल तर दोष सामाईक भागात आहे: प्लग, कॉइल, तिची वायर, टॅपिट (व्हॉल्व्ह दाबणारा भाग), कॉम्प्रेशन. दोन्ही इंधनांचे इंजेक्टर वेगवेगळे असतात, म्हणून इंजेक्टर जवळजवळ बाद.

फक्त पेट्रोलवर मिस करत असेल तर पेट्रोल इंजेक्टर तुंबलाय किंवा पेट्रोलच्या टाकीतलं पेट्रोल जुनं आहे. महिनोन् महिने गॅसवरच फिरणाऱ्या गाडीत हे नेहमीचं आहे. आताच्या ई२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल ओलावा ओढून घेतं. तळाशी चार-पाच लिटर पेट्रोल ठेवून वर्षभर तसंच हिंदकळत ठेवलं तर त्यात पाणी जमतं. आठवड्यातून एकदा पंधरा-वीस किलोमीटर पेट्रोलवर चालवलं तर हा त्रास जवळपास होतच नाही.

फक्त सीएनजीवर आणि तेही चढालाच मिस करत असेल, तर बहुतेक जण गॅस किटकडे धावतात. आधी ठिणगी तपासा. मिथेन पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. शिवाय चढाला पाय दाबलेला असताना सिलिंडरमध्ये दाब सर्वाधिक असतो, आणि दाब वाढला की त्याच गॅपमधून ठिणगी उडवायला आणखी व्होल्टेज लागतं. थकलेली कॉइल किंवा झिजलेला प्लग पेट्रोलवर कसाबसा भागवून नेतो, गॅसवर उघडा पडतो. म्हणून "पेट्रोलवर छान चालते, म्हणजे कॉइल चांगली" हा निष्कर्ष काढू नका.

कधी मिस करते, यावरून अर्धं निदान

स्लोवर थरथरते पण रेस दिली की ठीक: हवेची गळती किंवा घट्ट झालेलं टॅपिट. स्लोवर ठीक पण लोडवर झटके: ठिणगी, किंवा इंधनाचा दाब कमी पडणे. सकाळी पहिली दोन मिनिटं मिस करते, मग सुधारते आणि रेडिएटरचं पाणी महिन्याला थोडं थोडं कमी होतं: हेड गॅस्किट (इंजिनच्या हेडखालचं सील). फक्त पावसात किंवा वॉशिंगनंतर: प्लग होलमध्ये पाणी, कॉइलचा चिरलेला रबर बूट. टाकी संपत आल्यावरच: गॅसचा दाब, रिड्यूसर (गॅसचा दाब खाली आणणारा भाग) किंवा फिल्टर.

स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधन किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो ते) दिसत असतील तर तेही बघा. स्लोवर लाँग टर्म ट्रिम अधिक १५-२० आणि २,५०० आरपीएमला तोच ५ च्या खाली येत असेल तर कुठूनतरी जास्तीची हवा शिरते आहे. याउलट लोडबरोबर ट्रिम वाढत असेल तर इंधन कमी पडतं आहे. हवेची गळती शोधायला इनटेकच्या जोडांवर स्प्रे बाटलीने साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. गळतीच्या जागी पाणी ओढलं जातं आणि इंजिनचा सूर क्षणभर बदलतो. यासाठी पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर गरम मॅनिफोल्डवर उडवू नका, आग लागते.

अदलाबदल: एका वेळी एकच वस्तू

नवीन भाग आणायच्या आधी असलेले भाग फिरवा. समजा कोड पी०३०३ आहे.

१. इंजिन थंड होऊ द्या. सीटखाली इंजिन असलेल्या गाडीत सीट उचलून कॉइलच्या आजूबाजूची माती कॉम्प्रेसरच्या हवेने आधी उडवा. कॉइल काढल्यावर ती माती प्लग होलमध्ये पडते आणि प्लग खोलला की थेट सिलिंडरमध्ये.

२. कनेक्टरचं लॉक दाबून सोडवा. उन्हातान्हाने ते प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं, स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं तर तुटतं, आणि तुटलेल्या लॉकचा कनेक्टर पुढे ढिला राहून नवी मिसिंग देतो. १० चा बोल्ट काढा, कॉइल अर्धा फेरा डावी-उजवीकडे फिरवून सरळ वर ओढा.

३. मार्करने कॉइलवर ३ लिहा. ही कॉइल १ नंबरला, १ नंबरची ३ नंबरला. बाकी काही हलवू नका. कोड पुसा आणि मिसिंग जिथे येते तिथेच गाडी चालवा.

४. कोड पी०३०१ झाला तर दोष कॉइलबरोबर गेला. पी०३०३ च राहिला तर कॉइल निर्दोष. आता प्लग त्याच पद्धतीने २ नंबरला न्या, मग गरज पडली तर इंजेक्टर.

५. तिन्ही फिरवूनही कोड जागचा हलला नाही तर खरेदी थांबवा. उरलं कॉम्प्रेशन, टॅपिट आणि वायरिंग.

कॉइल आणि प्लग एकाच वेळी फिरवले तर कोड हलतो खरा, पण कुणामुळे ते कळत नाही. हा आळस सगळ्यांना होतो आणि त्यातूनच चांगल्या कॉइली भंगारात जातात.

जुनी सवय म्हणून चालू इंजिनात एकेक कॉइल किंवा वायर उपटून "कोणत्या सिलिंडरने फरक पडत नाही" हे बघितलं जातं. ते टाळा. शॉक बसतो, मोकळी सुटलेली उच्च दाबाची वीज कॉइल किंवा ईसीयूला इजा करू शकते, आणि न जळलेलं इंधन कन्व्हर्टरमध्ये जातं. त्याऐवजी त्या वेळी चालू असलेल्या इंधनाच्या इंजेक्टरचं कनेक्टर काढा. सिलिंडर तसाच बंद होतो, इंधन मात्र जात नाही. नंतर येणारा कोड पुसून टाका.

प्लग हातात आल्यावर काय बघायचं

प्लग काढला की तो पुसू नका. उजेडात धरा. इन्सुलेटरचं टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ज्वलन ठीक. सुकं काळं काजळ म्हणजे ठिणगी अशक्त किंवा इंधन जास्त. ओला आणि पेट्रोलचा वास म्हणजे ठिणगीच पडत नाही. तेलकट काळा म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. बाकी तीन प्लग रंगीत आणि एकच धुतल्यासारखा स्वच्छ पांढरा असेल तर त्या सिलिंडरमध्ये रेडिएटरचं पाणी शिरून वाफ होते आहे.

आता वरचा पांढरा सिरॅमिक भाग बघा. परत परत येणाऱ्या मिसिंगचं उत्तर पुष्कळदा इथेच असतं. टर्मिनलपासून खाली लोखंडी षटकोनापर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर वीज गॅपमधून न जाता सिरॅमिकच्या बाहेरून खाली उतरते आहे. हा कार्बन ट्रॅक. तो पुसून जात नाही. कॉइलच्या रबर बुटात आत बोटभर टॉर्च मारून बघा, अगदी समोर तशीच जुळी रेघ किंवा पांढरट जळका ठिपका सापडेल. दोघांपैकी एकच बदलला की जुन्यावरचा ट्रॅक नव्यालाही तीच वाट दाखवतो आणि काही आठवड्यांत दुसरी रेघ उमटते. प्लग आणि बूट जोडीनेच बदला. बूट वेगळा मिळतो, त्यासाठी अख्खी कॉइल दरवेळी लागत नाही.

षटकोनाच्या लगेच वर सिरॅमिकवर सगळीकडून सारखा तपकिरी कडा मात्र निरुपद्रवी असतो. विद्युत क्षेत्रामुळे तेलाचे कण तिथे चिकटतात. तो बघून "गॅस लीक आहे, प्लग गेला" असं सांगितलं जातं, ते खरं नाही.

गॅप तार-गेजने मोजा. पेट्रोल इंजिनांत गॅप साधारण ०.८ ते १.१ मिमी असतो; सीएनजीसाठी बऱ्याच कंपन्या ०.७-०.८ च्या आसपास ठेवायला सांगतात. तुमच्या मॉडेलचा आकडा पुस्तकात बघून तोच धरा. इरिडियम प्लगच्या सुईसारख्या टोकावर गेज दाबू नका, ते तुटतं.

कॉइल मरते, पण तिला मारतं कोण

झिजलेल्या प्लगचा गॅप वाढत जातो. वाढलेल्या गॅपमधून ठिणगी न्यायला कॉइलला दरवेळी जास्त व्होल्टेज तयार करावं लागतं. दिवसभर लोडवर, गॅसवर, सीटखालच्या उष्णतेत हे चाललं की कॉइलचं आतलं इन्सुलेशन फुटतं. म्हणजे जुन्या प्लगवर नवी कॉइल बसवणं म्हणजे तिलाही त्याच कामाला जुंपणं. प्लगची मुदत पेट्रोलच्या हिशेबाने धरू नका. साधे निकेल प्लग सीएनजीवर २०,००० किमीच्या आसपास काढून मोजलेच पाहिजेत.

दुसरा मारेकरी तेल. कॉइल वर ओढताना बुटावर काळं चिकट तेल आलं तर टॅपिट कव्हरचं गॅस्किट किंवा प्लगच्या नळीभोवतीचं गोल सील गळतं आहे. तेलात भिजलेला रबर फुगतो, मऊ पडतो आणि मग वीज अडवत नाही. तेल पुसून नवी कॉइल बसवली तर ते गळतच राहणार आणि तीन महिन्यांत बूट पुन्हा भिजणार. गॅस्किट आणि नळीची सीलं एकत्रच बदला. कव्हरचे बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळा. ते फार थोड्या टॉर्कचे असतात, जोर लावला तर कव्हर वाकतं आणि गळती कायमची होते.

तिसरं पाणी. वॉशिंग सेंटरवर प्रेशर गन थेट सीटखाली मारून घेणं बंद करा. पावसाळ्यात नवले पुलाजवळ तुंबलेल्या पाण्यातून हळूहळू पुढे सरकतानाही खालून फवारा वर येतो. प्लग होलमध्ये पाणी दिसलं तर आधी हवेने उडवा, मगच प्लग खोला. बुटाच्या आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. कनेक्टरच्या पिनांवर साधं ग्रीस भरू नका.

चौथं अर्थिंग, आणि याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. इंजिन रबर माउंटिंगवर तरंगत असतं. त्याची वीज परत बॅटरीला एका वेणीच्या तारेने जाते. ती गंजली की चारही कॉइली उपाशी राहतात आणि पी०३०० येतो. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक इंजिनच्या स्वच्छ धातूवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, आणि सेल्फ मारा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम; ०.५ च्या वर गेलं तर तारेची दोन्ही टोकं काढून घासा किंवा तार बदला.

नवा प्लग बसवताना

हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे एकदा गेले की हेड उतरवण्याची पाळी येते. प्लग रबरी नळीच्या तुकड्यात अडकवून बोटांनीच फिरवत आत न्या. आटे चुकले तर नळी हातात घसरते, पान्याला ते कळत नाही. चार-पाच फेरे मोकळे गेले पाहिजेत. मग टॉर्क पाना: १४ मिमी आट्याला सुमारे २५ न्यूटन मीटर, १२ मिमी आट्याला १५ ते २०. टॉर्क पाना नसेल तर नवा प्लग हाताने टेकेपर्यंत आणि मग अर्धा फेरा, त्याचा वायसर तेवढ्यात दबतो. प्लग ढिला राहिला तर त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि टोक लालबुंद होतं. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका. मुलामा असलेल्या प्लगला ते लागत नाही आणि घसरडेपणामुळे नकळत जास्त आवळला जातो.

नाना पेठेत सुट्या भागांची दुकानं ओळीने आहेत, पण जुना प्लग खिशात घालूनच जा. आट्याची लांबी १९ मिमी की २६.५ मिमी, हे जुळलं पाहिजे. आखूड प्लगची ठिणगी आत दडलेल्या कोपऱ्यात पडते, लांब प्लगवर पिस्टन आदळू शकतो. चारही प्लग एकाच नंबरचे घ्या, पक्कं बिल घ्या.

फक्त गॅसवरच मिस आणि ठिणगी ठीक असेल तर

पंपावरच्या कॉम्प्रेसरचं तेल थोड्या प्रमाणात गॅसबरोबर टाकीत येतं. ते रिड्यूसरमध्ये आणि पुढे इंजेक्टर रेलमध्ये साचून डिंकासारखं होतं. इंजेक्टरची सुई त्यात चिकटते, थंडीत सकाळी जास्तच. रिड्यूसर आणि रेलच्या मधला लो-प्रेशर फिल्टर आधी बदला. जुना कापून बघा. काळं चिकट तेल ठिबकत असेल तर रेलही साफ करायला हवी. चालू इंजिनात लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक एकेका इंजेक्टरवर आणि मूठ कानाला: चारही टिक-टिक सारख्याच कडक आल्या पाहिजेत. एखादी बोथट आली तर तोच. रोध मोजताना चौघांची आपापसांत तुलना करा; गॅस इंजेक्टर बहुधा १ ते ३ ओहमचे असतात, पेट्रोलचे १२ ते १६ च्या घरात.

रिड्यूसरला इंजिनचं गरम पाणी लागतं, कारण २०० बारचा गॅस एकदम खाली आणताना तो भयंकर थंड होतो. कूलंट बदलताना हवा अडकली किंवा पाणी कमी झालं की रिड्यूसरवर दव, मग बर्फाचा पापुद्रा धरतो आणि लोडवर गाडी सगळ्या सिलिंडरांवर मिस करते. रिड्यूसरचे दोन्ही पाण्याचे पाइप हाताला सारखे गरम लागले पाहिजेत.

फिल्टर खोलण्याआधी टाकीचा व्हॉल्व्ह हाताने बंद करा आणि लाइनमधला गॅस संपून इंजिन बंद पडेपर्यंत किंवा आपोआप पेट्रोलवर जाईपर्यंत चालू ठेवा. टाकीपासून रिड्यूसरपर्यंतच्या स्टीलच्या पाइपला घरच्या घरी पाना लावू नका, ते अधिकृत केंद्राचं काम आहे. गळती साबणाच्या फेसानेच बघायची.

टॅपिट आणि कॉम्प्रेशन: जिथे स्कॅनर पोहोचत नाही

गॅस कोरडा असतो आणि त्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक हळूहळू झिजते. व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि टॅपिटचा गॅप वाढण्याऐवजी कमी होतो. इथेच फसगत होते: गॅप कमी झाला की टॅपिटचा आवाज बंद होतो, इंजिन मऊ वाटतं, आणि चालक खूश असतो. गॅप शून्यावर गेला की गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, दाब गळतो, स्लोवर मिसिंग सुरू होते. कॉइल फिरवा, प्लग फिरवा, कोड हलत नाही. तसंच चालवलं तर व्हॉल्व्हची कड जळते आणि काम हेडपर्यंत जातं. लोडवर गॅसवरच चालणाऱ्या गाडीचं टॅपिट आवाज येवो न येवो, ४०,००० किमीला मोजून घ्यावं.

गॅप पूर्ण थंड इंजिनात फिलर गेजने मोजा. इनलेट साधारण ०.२ आणि एक्झॉस्ट ०.३ मिमीच्या आसपास असतो, नेमका आकडा पुस्तकातला. पात सरकताना लोण्यातून ओढल्यासारखी हलकी पकड लागली पाहिजे. स्क्रू-नटचं टॅपिट तिथेच सेट होतं. बकेटचं असेल तर मोजलेल्या फरकाएवढी जास्त किंवा कमी जाडीची बकेट किंवा शिम घालावी लागते. हायड्रॉलिक टॅपिट असेल तर ही मोजणी लागू नाही.

कॉम्प्रेशन घेताना इंजिन गरम, बॅटरी पूर्ण भरलेली, चारही प्लग बाहेर, कॉइल आणि इंजेक्टरची कनेक्टर काढलेली, गॅस बंद, आणि थ्रॉटल पूर्ण उघडं. पाच-सहा धक्के होईपर्यंत सेल्फ मारा आणि चारही आकडे कागदावर लिहा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. हवेचा दाब इथे जवळपास ६ टक्के कमी, म्हणून पुस्तकात १९० पीएसआय असेल तर निरोगी इंजिन १७८ च्या आसपास दाखवेल. तेवढ्यावरून इंजिन खोलायला निघू नका. चौघांतला फरक महत्त्वाचा. तीन १७५ आणि एक १३० असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर, म्हणजे ५ मिली इंजिन ऑइल सोडून पुन्हा घ्या. आकडा चढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र पडले असतील तर त्यांच्यामधलं हेड गॅस्किट.

उंचीचा हाच हिशेब स्कॅनरवरही उपयोगी पडतो. चावी चालू, इंजिन बंद ठेवून मॅप सेन्सरचा (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा) आकडा बघा. पुण्यात तो ९४-९५ किलोपास्कलच्या जवळ हवा. १०१ किंवा ८५ दाखवत असेल तर सेन्सरच खोटं बोलतोय आणि इंधनाचा सगळा हिशेब चुकतोय.

वायरिंग

रात्रभर भाजीच्या गाळ्यांशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर शिरतात आणि सीटखालच्या उबेत बसून वायर कुरतडतात. वरून टेप शाबूत, आत तांब्याचे दोनच धागे उरलेले, अशी वायर मल्टिमीटरवर पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. म्हणून कॉइलच्या पॉझिटिव्ह वायरवर बल्बचा टेस्ट लॅम्प लावा. बल्ब मंद पेटला की चोरी सापडली. हा लॅम्प ईसीयूकडून येणाऱ्या सिग्नलच्या वायरवर मात्र कधीच लावू नका. इंजिन चालू ठेवून हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने हलवणं, ही चाचणीही साधी आणि खात्रीची.

डिझेल पिकअपमध्ये कॉइल-प्लग नसतात. तिथे मिसिंग म्हणजे इंजेक्टर, डिझेलमध्ये हवा, तुंबलेला फिल्टर किंवा कॉम्प्रेशन. इंजेक्टरचं रिटर्न, म्हणजे त्यातून परत जाणारं डिझेल, मोजून सुरुवात करा. जुन्या पंपाच्या गाडीसारखं कॉमन रेलचं नट चालू इंजिनात ढिलं करू नका. त्यातला दाब हजार बारच्या वर जातो आणि डिझेलची धार कातडीत शिरते.

झालं का, हे कसं ठरवायचं

गॅरेजच्या दारात स्लोवर चांगली चालते, याला काही अर्थ नाही. आधी काढून ठेवलेला फ्रीझ फ्रेमचा फोटो बघा आणि तीच परिस्थिती तयार करा: तेवढाच माल, गॅसवर, तेवढेच आरपीएम, कात्रजचा जुना घाट किंवा दिवे घाट. स्कॅनरमध्ये सिलिंडरनिहाय मिसफायर काउंट दिसत असेल तर चढ संपेपर्यंत चारही आकडे शून्यावर किंवा त्याच्या आसपास राहायला हवेत. मग पेट्रोलवर टाकून तीच फेरी. आठवड्याने एकदा दुरुस्त केलेल्या सिलिंडरची कॉइल उचलून बघा: बूट कोरडा, सिरॅमिकवर रेघ नाही. कॉइलवर मार्करने तारीख, किलोमीटर आणि गॅपचा आकडा लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी गाडी ज्याच्या हातात जाईल त्याला सुरुवात कुठून करायची ते कळेल.